धोंड्यातला पोळा

आमच्या घरातला संगणक सुरू व्हायचा तेव्हा आवाज तीन टप्प्यांत यायचा. आधी एक बारीक ठोका. मग पंखा घुरघुरायचा. आणि थोड्या वेळाने आतली तबकडी कुरकुरू लागायची, उंदराने पोत्याला तोंड लावावं तशी. बाबा गेल्यानंतरच्या तेरा दिवसांत हा आवाज घरात रोज दोनदा आला, पहाटे पाचला आणि दुपारी दोनला. घर भेटायला आलेल्या माणसांनी भरलेलं असे. बोलता बोलता कोणीतरी थांबे आणि आतल्या खोलीच्या दाराकडे बघे. आत कोणी नसे.

मला तो बंद करता आला असता. वेळापत्रकातल्या दोन ओळी पुसायच्या होत्या, एवढंच. त्या मी का पुसल्या नाहीत हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

बाबांच्या हृदयाचा त्रास वाढला म्हणून मी पुण्याची नोकरी सोडून सोनाळ्याला परत आले होते. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी त्यांना वावरात जायला बंदी केली होती. बैलजोडी गावातल्याच एका शेतकऱ्याला विकली होती. मी पुण्याहून एक जुना संगणक आणि पुस्तकांच्या दोन पेट्या घेऊन आले, आणि काही महिन्यांत जळगाव जामोदच्या एका जिनिंग कारखान्याचं काम मिळालं. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन घेऊन मराठीत पावती छापणारा प्रोग्रॅम त्यांना हवा होता. दसऱ्यानंतर कापूस यायला लागतो, त्याच्या आत.

असा प्रोग्रॅम तुकड्यातुकड्यांत लिहिला जातो. मग ते तुकडे जोडून चालणारी एक अखंड वस्तू बनवायची, आणि गेल्या हंगामातल्या सगळ्या पावत्या तिच्यावर पुन्हा चालवून वजनं जुळतात का ते पाहायचं. या सगळ्याला बिल्ड म्हणतात. पुण्यात ते काम मशीन काही मिनिटांत उरकत असे. माझ्या जुन्या मशीनला पावणेदोन तास लागायचे. त्या वर्षांत आमच्याकडे वीज दिवसातून किती वेळा जाई याचा हिशोब बाबांशिवाय कोणी ठेवत नसे, आणि बॅटरी दहा मिनिटांच्या वर टिकत नसे. मधेच लाईन गेली की अर्धवट झालेलं सगळं फुकट, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

म्हणून मी मशीनला वेळा बांधून दिल्या. बिल्ड सुरू करायचा तो पहाटे पाचला नाहीतर दुपारी दोनला, आणि त्याही वेळी लाईन असेल तरच. सव्वादोन होऊन गेले तर दुपारचा बिल्ड त्या दिवशी नाहीच, कारण चारला लाईन जायची. वेळ झाली आणि लाईन असली की मशीन आपोआप जागं होई आणि काम उरकलं की बंद होई. मी स्वयंपाकघरात असेन, बसमध्ये असेन, बाबांजवळ असेन, काम चालू राही.

या वेळा मला बाबांनी शोधून दिल्या होत्या. विहिरीवरच्या मोटारीमुळे विजेचे तास पाठ ठेवायची त्यांना सवय होती. आता मोटार दुसऱ्याच्या ताब्यात होती, तरी खाटेवर पडल्या पडल्या ते एका पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लाईन आल्याची आणि गेल्याची वेळ मांडत. "पहाटचे तीन तास पक्के धर," ते म्हणाले. "दुपारचे दोन. सकाळच्याचा भरोसा नाई." बिल्डला ते दळण म्हणत. शेजारचे काका चहाला आले की या दळणावर हमखास बोलणं निघे.

"काय रे भाऊ, पोरगी अठी बसली हाये, अन् मशीन एकटीच काय करून राह्यली आतमंदी?"

"दळण दळून राह्यली."

"अन् जात्यात घालते कोन?"

"पोरीनं सकायीच घालून ठेवलं. टाइम झाला का आपोआप चालू होते, टाइम झाला का बंद."

काकांनी बशीतला चहा संपवला. "बरं हाये बाप्पा. माह्या सुनेले असं काही बसवता येते का, पाह्य जरा."

बाबा हसले की त्यांना धाप लागे. मग आई स्वयंपाकघरातून काकांवर ओरडे, आणि काका टोपी घालून उठत.

ज्येष्ठ सरत आला होता तेव्हा एका संध्याकाळी बाबांनी मला जवळ बोलावलं.

"पोळ्याले थे मशीन बंद ठेवजो, माय."

"काऊन बाबा? थे का बैल हाये?"

"औताले जुपलं त्याले एक दिवस आराम. माह्या बापानं मोटारले बी देल्ला."

ही गोष्ट मला माहीत होती. महाराष्ट्र राज्य नवीनच झालं होतं तेव्हा गावच्या शिवारात लाईन आली आणि आजोबांनी विहिरीवर मोटार बसवली. पहिल्याच पोळ्याला त्यांनी मोटारीला कुंकू लावलं, फ्यूज काढून बंडीच्या खिशात टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोणाला दिला नाही. शेजारच्या वावरातले हसले. बाबांनी पुढे तेच चालवलं. मोटार, कडबा कापायचं यंत्र, फवारणीचा पंप, सगळ्यांना पोळ्याची सुटी. आता घरात बैल नव्हते आणि मोटारही नव्हती. राबणारं एकच उरलं होतं.

"शब्द देतं का?" बाबांनी विचारलं.

"देते," मी म्हणाले.

त्या दिवशी मशीनची पिन काढून ठेवली असती तरी शब्द पाळला गेला असता. पण मला ते तेवढ्यावर सोडायचं नव्हतं. मी घरी असेन नसेन, मला आठवेल न आठवेल, मशीनने दरवर्षी स्वतःहून थांबावं असं मला वाटलं. पोळा श्रावणातल्या अमावास्येला. पंचांगातून पुढच्या काही वर्षांचे महिने आणि तिथी मी एका तक्त्यात उतरवून काढल्या आणि वेळापत्रकाला एक अट जोडली. वर्षाच्या सुरुवातीपासून शोधायचं, श्रावणातली अमावास्या सापडली की शोध थांबवायचा, त्या तारखेला बिल्ड सुरू करायचा नाही. दहा-बारा ओळींचं काम होतं. मला त्याचा अभिमान वाटला होता. बाबांना दाखवलं तर ते पडद्याकडे बघून म्हणाले, "मले काय समजते त्यातलं? तू म्हनतं तं असन बरोबर."

पुढे धोंड्याचा महिना लागला. अधिक महिन्याला आमच्याकडे धोंडा म्हणतात. काकांचे जावई धोंड्याच्या जेवणाला आले आणि काकूंनी आमच्याकडे ताटलीभर अनारसे पाठवले. मी दोन खाल्ले. त्या महिन्यातल्या एका दिवशी मी सकाळपासून जळगाव जामोदला होते. संध्याकाळी येऊन पाहिलं तर मशीनने दिवसभरात एकही बिल्ड केला नव्हता.

"लाईन गेल्ती का, बाबा?"

"हाव," बाबा म्हणाले. "गेल्ती असन."

आमच्याकडे यावर अधिक विचारायचं काही नसतं. मी हातपाय धुवायला गेले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गावात बैलांचे खांदे शेकतात. कोमट तुपात हळद कालवून मानेवर, खांद्यावर चोळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. त्या संध्याकाळी बाबा खाटेवरून उठले. आईकडून वाटीत तूप-हळद मागून घेतली, भिंतीला धरत आतल्या खोलीत आले आणि संगणकाच्या पेटीला बोटाने हळद लावली.

"आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

मी हसले. तेही हसले. खुर्चीच्या पाठीला धरून थोडा वेळ उभे राहिले, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या आराम हाये ना त्याले?"

"हाये, बाबा."

"पक्कं?"

"पक्कं. तारीख घालून ठेवली."

ते अजून थोडं थांबले. काही बोलतील असं वाटलं. मग गेले.

पोळ्याच्या दिवशी पहाटे लाईन नव्हती, त्यामुळे पाचची वेळ तशीच गेली. लाईन आली ती बाराच्या सुमाराला. मी आणि आई पुरणाच्या मागे होतो. बाबा मधल्या खोलीत खाटेवर डोळे मिटून पडले होते. दोन वाजले आणि आतल्या खोलीतून तो बारीक ठोका ऐकू आला.

पहिल्यांदा मला वाटलं भास झाला. मग पंखा घुरघुरायला लागला. पुरणाचे हात तसेच घेऊन मी दारात आले. बटण दाबून मशीन थांबवता आलं असतं. तेवढ्यात बाबा डोळे न उघडता म्हणाले,

"काऊन व माय, चालू झालं का थे?"

त्या क्षणी मला एवढंच सांगायचं होतं, हो बाबा, माझी काहीतरी चूक झाली. पण काय चूक झाली ते मला माहीत नव्हतं. आदल्या संध्याकाळी मी पक्कं म्हणाले होते. डॉक्टरांनी त्यांना त्रास होईल असं काही कानावर घालू नका म्हटलं होतं. ही सगळी कारणं मी नंतर जमवली. तेव्हा तोंडातून आलं ते असं :

"नाई बाबा. बॅटरीचा पंखा हाये. लाईन आली का फिरते थो."



"हाव का," बाबा म्हणाले. आणि मग, "बरं."

मी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. आता बटण दाबलं तर तो आवाज थांबेल, आणि बॅटरीचा पंखा असा थांबत नाही, हे त्यांना कळेल. म्हणजे खोटं टिकवायचं तर मशीन चालू ठेवायला हवं होतं. तबकडी कुरकुरू लागली. पावणेचारपर्यंत ती कुरकुरत होती. बंद दारातून तो आवाज मधल्या खोलीत येत होता आणि बाबांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. मी पोळ्या लाटत होते. एकही नीट गोल झाली नाही. आई म्हणाली, "काय झालं वं तुले?" मी म्हणाले, काही नाही.

संध्याकाळी पोळा फुटला आणि बैल घरोघर निघाले तेव्हा आमची जुनी जोडी नव्या मालकाने दारात आणली. बाबा चौकटीला धरून उभे राहिले. आईने बैलांचे पाय धुतले, पुरणपोळी भरवली. नवा मालक म्हणाला, "मालक, याईनं तुमचं घर सोडलंच नाई. बांधावरून रोज इकडेच तोंड करते." बाबा त्याच्याशी बोलले, हसले. मला वाटलं, ते विसरले.

बैल गेल्यावर मी तक्ता उघडला. चूक सापडायला वेळ लागला नाही. त्या वर्षी श्रावणच अधिक होता. म्हणजे श्रावण दोन होते, आधी धोंड्याचा आणि मग खरा. तक्ता उतरवताना मी महिन्याच्या नावामागचा 'अधिक' हा शब्द गाळला होता. श्रावणातली पहिली अमावास्या सापडली की शोध थांबवायचा असं मी मशीनला सांगितलं होतं, आणि पहिली अमावास्या धोंड्यातली होती. मी जळगाव जामोदला गेले होते तो दिवस. मशीनने शब्द पाळला होता, एक महिना आधी.

पुढचे दोन दिवस मी बाबांच्या उशाशी बसून एक जुनं प्रवासवर्णन वाचून दाखवलं. हिमालयातल्या एका पायवाटेची हकिकत होती. पान उलटताना मी प्रत्येक वेळी ठरवत असे की हे प्रकरण संपलं की सांगायचं. बाबा, मशीन चालू होतं. मी धोंडा विसरले. वाक्यं तयार होती. प्रकरण संपे आणि मी पुढचं सुरू करी. बाबा मधून मधून माझ्याकडे बघत. मला वाटे ते गोष्ट ऐकत आहेत.

तिसऱ्या दिवशी पाचचा बिल्ड पावणेसातला संपला. साडेसातला आई चहा घेऊन गेली तेव्हा बाबा गेलेले होते.

मग ते तेरा दिवस. आत्या देऊळघाटहून आली होती. दुसऱ्याच दुपारी दोनला आवाज झाला आणि तिने माझा हात धरला.

"कोन हाये व आतमंदी?"

"कोनी नाई, आत्या."

"मंग चालू कोनं केलं?"

"टाइम झाला का आपोआप होते."

ती थोडा वेळ ऐकत राहिली. "बंद कर व माय. जीव घाबरते."

मी हो म्हणाले आणि केलं नाही. दोन वाजता ठोका ऐकू आला की मी जिथे असेन तिथून उठून मधल्या खोलीच्या दारात येई. खाट रिकामी असे, नाहीतर तिच्यावर कोणीतरी पाहुणा बसलेला असे. मला तो प्रश्न ऐकू येई, काऊन व माय, चालू झालं का थे. अगदी त्याच आवाजात, त्याच अंतरावरून. जोवर मशीन दोनला सुरू होत होतं तोवर तो प्रश्न रोज विचारला जात होता, आणि जोवर विचारला जात होता तोवर उत्तर बदलता येईल अशी माझी समजूत होती. तोंड उघडलं की मात्र पंखाच येई. बॅटरीचा पंखा. एकदा मी ते खरोखरच मोठ्याने बोलले. खाटेवर बसलेल्या एका म्हाताऱ्या नातेवाइकाने मान हलवली आणि म्हटलं, "असन, असन."

पाहुणे गेले. चौदाव्या दिवशी आईने खाटेवरचं अंथरूण उन्हात टाकायला काढलं आणि गादीखालून तो पुठ्ठा निघाला. तिने तो माझ्याकडे दिला. "तुह्या कामाचा असन."

मी अंगणात उभी राहून वाचला. रोजची एक ओळ. लाईन आल्याची वेळ, गेल्याची वेळ, आणि दळण झालं असेल तर शेवटी बरोबरची खूण. खाली खाली अक्षर बारीक होत गेलं होतं. धोंड्यातल्या अमावास्येची ओळ मी शोधली. लाईन पहाटे वेळेवर आली होती. दुपारीही वेळेवर आली होती आणि चारलाच गेली होती. लाईन गेली नव्हती. खुणेच्या जागी बाबांनी लिहिलं होतं, आराम.

पोळ्याची ओळ त्याच्या बरीच खाली होती. लाईन बाराला आली. गेल्याची वेळ चार. आणि शेवटी बरोबरची खूण, इतर सगळ्या खुणांसारखीच, ना मोठी ना लहान.

"आई," मी म्हणाले, "धोंड्यात एक दिवस मशीन चालली नाई, तवा बाबा काही बोलले होते का?"

आई गोधडी झटकत होती. तिच्या चेहऱ्यावर त्या दोन आठवड्यांत पहिल्यांदा थोडं हसू आलं.

"बोलले ना. लय हासले. म्हने, पोरीनं धोंड्यातच पोळा केला. एवढी शिकली अन् धोंडा विसरली. मी म्हनलं, सांगून द्या ना मंग तिले. तं म्हने, तू बी सांगू नको. पोळ्याले मशीन चालू झाली का पोरगी आपूनच येईन सांगाले, अन् मंग मी तिले चिडवीन." तिने गोधडीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "सांगतलं का मंग तू?"

"नाई."

"काऊन?"

"त्याईनं इचारलं मले, चालू झालं का म्हनून. मी नाई म्हनलं. बॅटरीचा पंखा हाये म्हनलं."

आईने तिच्याकडची टोकं जुळवली. मी माझ्याकडची जुळवली. आम्ही गोधडीची एक घडी घातली, मग दुसरी. ती माझ्याकडे चालत आली आणि माझ्या हातातली टोकं तिने घेतली.

"तरीच," ती म्हणाली. "दोन दिस मले इचारत होते, पोरगी काही बोलली का वं. मी म्हने, माह्यापाशी काय बोलन थे? थे तं दिवसभर तुमच्यापाशीच बसून राह्यते."

आणि ते खरं होतं. ते दोन्ही दिवस मी त्यांच्यापाशीच बसले होते.